बस म्हणेपर्यंत

माझ्या सुनेच्या गाडीत मागचं दाखवणारा एक छोटा पडदा आहे. ती गाडी मागे घ्यायला लागली की गाडीच कुंईकुंई करते, आणि भिंत जवळ आली की त्या कुंईकुंईची घाई वाढते. परवा हिंगणघाटच्या बाजारात गाडी लावताना मी सवयीने मान वळवून मागे पाहायला लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही निवांत बसा, ते सांगते सगळं." मी निवांत बसलो, पण माझा उजवा पाय काही निवांत बसला नाही. तो खालच्या चटईवर दाबून धरलेलाच होता. आयुष्यभर या पायाला एकच शब्द नीट समजला, आणि तो शब्द त्या यंत्राला म्हणता येत नाही.

तो शब्द म्हणजे ‘बस’. आमचे बाबा मिलच्या कामगारांची गाडी चालवायचे. आजूबाजूच्या खेड्यांतून पाळीची माणसं आणायची आणि पाळी सुटली की त्यांना परत सोडायचं, हे त्यांचं काम. मिलनेच दिलेल्या खोल्यांच्या ओळीत आमची खोली होती, शेवटून दुसरी. पुढे पडवी, मागे मोरी आणि मधल्या एवढ्याशा जागेत बाबा, माय, मी आणि मिलचा आवाज. आवाज हा आमच्या घरातला चौथा माणूसच होता म्हणा ना. विणायचे साचे चालू असले की फळीवरचे पितळी डबे बारीक थरथरत, आणि सुट्टीच्या दिवशी मिल बंद पडली की त्या शांततेनेच माय दचकून उठायची. भोंगा झाला की बाबा ताटावरून उठायचे, मग ताटात पातोडीचा रस्सा का असेना. माय वाढताना सारखी बोलायची. "भाकर हातापाशी हाये, वांगं उजवीकडं, चटनी पल्याड, गिलास भिताडापाशी." मला वाटायचं, दिवसभर साच्यांच्या आवाजात राहून तिला स्वतःचा आवाज ऐकायची भूक लागत असेल. बाबा मान खाली घालून, न बोलता जेवायचे. घरात ते फारसं बोलतच नसत. त्यांची सगळी वाणी गाडीसाठी राखून ठेवलेली होती.

बारावीत मी दोनदा गोते खाल्ले आणि करीमभाईंच्या बेकरीत जायला लागलो. जायचं कारण सांगायचं तर वास. मिलच्या खोलीत तेलाचा, कापसाचा आणि ओल्या मोरीचा वास असायचा, आणि बेकरीच्या दारात पाऊल ठेवलं की नानकटाईचा. पीठ मळताना हाताखाली ते हळूहळू ऐकायला लागतं, हट्ट सोडतं, ते मला आवडायचं. माझ्या हातचा टोस खुसखुशीत होतो हे करीमभाईंनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं तेव्हा माझी छाती फुगली होती. त्यांच्या मेहुण्याची नागपुरात मोठी बेकरी होती, तिथे भट्टीवर माणूस हवा होता. "दिवाळी के पहले आ जा," असा निरोप आला. राहायला बेकरीच्याच माळ्यावर जागा. मी बाबांना सांगितलं. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या दिशेने, बघत म्हणाले, "डायवरचा पोट्टा टोस भाजन काय?" विषय संपला. बाबांकडे विषय असेच संपायचे.

आमच्या मिलमध्ये एक रीत होती. बापाच्या जागेवर पोरगा. साच्यावर बाप असला तर पोरगा साच्यावर, फाटकावर असला तर फाटकावर. बाबांची जागा म्हणजे गाडीची शीट, आणि त्या शीटवर बसायचं तर मोठ्या गाडीचं लायसन आणि छातीवर लावायचा बिल्ला लागायचा. ते आणलं की मला शीट आणि बाबांना फाटकावर बसून करायचं हलकं काम, असं मॅनेजर साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. मिलमध्ये घरचं कोणी राहिलं तर खोली राहणार होती, नाहीतर खोली खाली करायची. हे सगळं ठरलं तेव्हा मी घरातच होतो, दाराशी बसून पायातला काटा काढत होतो. मला कोणी काही विचारलं नाही. माझं आयुष्य माझ्या पाठीमागे ठरत होतं आणि मी काटा काढत होतो, हे आठवलं की आजही मला हसू येतं आणि रागही येतो.

लहान गाडीचं लायसन माझ्याकडे होतंच. पुढे गाडी नेणं मला जड गेलं नाही. पण परीक्षेत पुढे नेण्याला कोणी विचारत नाही. मैदानात बांबू रोवलेले असतात, त्यातून आठचा आकडा काढायचा, आणि मग नागमोडी वाटेने एवढी मोठी गाडी उलटी आणून दोन बांबूंच्या मधे उभी करायची. बांबूला गाडी लागली की नापास, मधे थांबली तरी नापास. बाबा म्हणायचे, "पुढं कोनीबी जाते. मांगं जाते तो डायवर." त्यांना स्वतःला मात्र असली परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती. त्यांच्या वेळी लायसनवाला साहेब बाजूला बसला, वणा नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारली, आणि चहा पिऊन लायसन मिळालं. त्यामुळे आठचा आकडा काढायचा असतो हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं आणि जिनिंगच्या रिकाम्या आवारात चुन्याने झकास मराठी ८ काढला. रेघ वरून आली, पोटात वळली, शेपटी काढून निघून गेली! त्या शेपटीतून गाडी बाहेर काढता काढता मी रडकुंडीला आलो. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. मग गाडीवरचे क्लीनर वानखडेकाका एकदा बघायला आले आणि पोट धरून खाली बसले. "अजी भाऊ, आठ इंग्रजी असते! दोन गोल असते थे! ह्या आठातून तं बकरीबी मांगं येत नाई." बाबांनी चपलेने चुना पुसला. रात्री जेवताना माय तोंडाला पदर लावून हसत होती. त्या घरात इतकं हसू मी नंतर फार वेळा ऐकलं नाही.

कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार उन्हाळाभर ओस पडतं. तारेच्या कुंपणाला अडकलेले कापसाचे पुंजके, तापलेली टिनाची शेडं, आणि मधोमध आमची निळी बस. मिलच्या सुट्टीच्या दिवशी साहेबांनी ती वापरायला परवानगी दिली होती. मी शीटवर, बाबा मागे. ते गाडीच्या मागच्या बाजूला, मला उजव्या आरशात दिसतील असे उभे राहायचे आणि त्यांची वाणी सुटायची. "येऊ दे, येऊ दे, डावी काट, अजून काट, फुल काट, आता सिद्दी कर, येऊ दे, येऊ दे..." आणि शेवटी, गाडी जिथे उभी राहायची तिथे बरोबर, एक छोटा, कोरडा, तोडून टाकल्यासारखा शब्द. "बस!" त्या ‘बस’मध्ये वितीचाही फरक नसायचा. सुरुवातीला मी आरशात बघून गाडी लावायचा प्रयत्न करी, तर ओरडायचे, "आरशात काय पायते बे? आरसा बायकोले दे. कान इकडं दे." हळूहळू मी आरशात बघणं सोडलं. आवाज म्हणेल तसं चाक फिरवायचं आणि ‘बस’ कानावर पडला की ब्रेक दाबायचा. डोक्याचा काही संबंध नाही. कान आणि पाय यांचाच कारभार. उन्हाने तापलेल्या त्या पत्र्याच्या पेटीत, घामाने पाठ शीटला चिकटलेली, कानात एकच आवाज, आणि जायचं कुठे तर मागे. मला वाटायचं, हे माझं पुढचं आयुष्य आहे आणि मी ते असं उलटं उलटं त्यात शिरतो आहे.

म्हणून मी एक बेत केला. साधा बेत. परीक्षेच्या दिवशी एक बांबू पाडायचा. मुद्दाम. कोणाला काय कळणार? मागे घेताना बांबू लागतोच, भल्याभल्यांना लागतो. एकदा नापास, फार तर दोनदा नापास, मग बाबा कंटाळतील, आणि मी दिवाळीच्या आत नागपूरच्या भट्टीपुढे उभा असेन. कुठला बांबू पाडायचा तेही मी ठरवून ठेवलं होतं, नागमोडी वाटेवरचा शेवटून दुसरा. हा बेत पोटात ठेवल्यापासून मी सरावही मन लावून करायला लागलो. बाबा खूष होते. "पोट्टा लायनीवर आला," असं त्यांनी वानखडेकाकांना सांगितलेलं मी ऐकलं.

मग तो दिवस आला. नेहमीसारखा सराव चालू होता. बांबू संपले तेव्हा बाबा म्हणाले, आता गाडी भिंतीला लावून दाखव, मिलमध्ये रोज तसंच लावावं लागते. जिनिंगच्या गोदामाची विटांची लांब भिंत होती. ते जाऊन भिंतीपाशी, गाडीच्या उजव्या कोपऱ्याच्या रेषेत उभे राहिले. "येऊ दे," त्यांनी सुरू केलं. "येऊ दे, येऊ दे, सिद्दी हाये, येऊ दे..." गाडी सरकत होती. मी कान लावून ‘बस’ची वाट बघत होतो. ‘बस’ यायची वेळ झाली असं मला वाटलं, पण आला नाही. "येऊ दे," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, अगदी आरामात. आणि त्या दिवशी मी आरशात बघितलं. का बघितलं ते सांगता येत नाही. आरशात बाबा एवढे मोठे दिसत होते की त्यांच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी मला दिसली. गाडी त्यांच्या अंगावर येत होती, मागे भिंत होती, ते सरळ गाडीकडे तोंड करून उभे होते, आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणत होते, "येऊ दे, येऊ दे."

मी ब्रेकवर उभाच राहिलो. इंजिन आचके देऊन बंद पडलं.

"काऊन थांबला बे?" मागून आवाज आला. "मी बस म्हनलं का?"

मी खाली उतरलो, मागे गेलो. गाडीची मागची शिडी आणि भिंत यांच्यात एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा होती, आणि त्या जागेत माझे बाबा उभे होते. "बाबा," मी म्हणालो, "गाडी तुमच्या अंगाले लागून राह्यली." त्यांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. मग हात पुढे केला, अंधारात खुंटी शोधावी तसा, आणि अर्धा हात लांबवला नाही तोच त्यांच्या बोटांना पत्रा लागला. ऊन डोळ्यांवर आलेल्या माणसासारखं त्यांनी तोंड केलं. पण ऊन त्यांच्या पाठीशी होतं. ते त्या पत्र्याला तसाच हात लावून उभे राहिले, आणि मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत नीट बघितलं. उजव्या डोळ्यात दुधाचा थेंब पडल्यासारखं काहीतरी होतं. डावा बरा दिसत होता. पण तोही माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या बाजूला बघत होता. रोजच्या बांबूंपाशी पावलं मोजून आणि इंजिनाच्या आवाजावर त्यांचं भागत असणार, भिंतीने तो आवाज फिरवला होता.

आम्ही घरी आलो. मायने ताट वाढलं आणि तिचं सुरू झालं, "भाकर हातापाशी हाये, भाजी..." आणि मी म्हणालो, "माय, तुले मालूम होतं?" ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि पदराने कपाळ पुसलं. "मालूम काऊन नसन?" ती म्हणाली. "तुले आता समजलं?" इतकी वर्षं मी जिला वटवट समजत होतो, ती तिने बाबांच्या हाताला लावलेली दोरी होती. मिलच्या दवाखान्यातल्या डोळे तपासायच्या पाटीवरची अक्षरं वानखडेकाकांनी बाबांकडून पाठ करून घेतली होती, हेही मला त्याच बैठकीत कळलं. आणि गाडीत दारात लटकून काका दिवसभर जी बडबड करायचे, "पुढं बैलबंडी हाये भाऊ, डावीकून सायकल, गेली, खाली हाये, घ्या भाऊ घ्या," ती काही मौज नव्हती. घर, गाडी, दवाखाना, सगळीकडे त्यांना सगळे मिळून हाकत होते. एक मी सोडून.

मी फार ओरडलो. बाबांवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. "गाडीत येवढे मानसं बसते, बाया बसते, लेकरं घेऊन बसते! कोनी मेलं तं? मी आत्ता जाऊन सायबाले सांगतो." बाबा जेवतच होते. घास गिळून म्हणाले, "सांग. मंग बदली डायवर येते. बदलीवाला एकडाव शीटवर बसला का उठत नाई. शीट गेली, खोली गेली. तुह्या मायले घेऊन कुठी जाशीन?" मग मऊ आवाजात, "तुह्या हाती लायसन येऊ दे. दुसऱ्या दिवशी मी सोताच सांगतो सायबाले. तुह्या गळ्याची आन." त्यांनी शपथ घातली ती माझ्या गळ्याची. माय भांडी घासायला मोरीत गेली.

आता माझा बेत बघा. मी बांबू पाडला तर नागपूरला जाणार होतो, आणि तो आंधळा होत चाललेला माणूस शीटवर राहणार होता. मी बांबू पाडला नाही तर तो उठणार होता आणि मी बसणार होतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आड आणि विहीर यांच्यामधे निदान उभं राहायला जागा असते. मला माझ्या बाबांचा त्या दिवसांत जेवढा राग आला, तेवढा नंतर कोणाचाच आला नाही. त्यांच्यावर माझं प्रेम होतं, पण ते त्या रागाच्या खाली दबून पडलं होतं.

बेकरी मी त्याच आठवड्यात सोडली. करीमभाईंना कारण सांगितलं नाही. परीक्षेची तारीख येईपर्यंत मी रोज बाबांच्या गाडीवर जाऊ लागलो. शिकायला येतो असं सगळ्यांना सांगितलं. क्लीनर डाव्या दारात, आणि मी शीटच्या बाजूला इंजिनावरच्या झाकणावर, गोणपाट घालून. ते झाकण असं तापायचं की सारखं ढुंगण बदलून बसावं लागे. बायका हसायच्या. "डायवर भाऊचं पोरगं चुलीवर बसलं पाहा." मी हसत नव्हतो. मी रस्त्याकडे बघत होतो, एकटक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सकाळच्या पाळीला, दुपारच्या पाळीला, सुट्टी नाही. दोन माणसांच्या चार डोळ्यांवर ती गाडी चालली होती, आणि चाक तिसऱ्याच्या हातात होतं. एकदा नांदगावच्या अलीकडे वळणावर काका मागच्या कोणाशी तरी भांडत होते, आणि समोरून सरकीच्या ढेपेची पोती भरलेला ट्रॅक्टर उलट्या बाजूने आला. मला ‘ट्रॅक्टर’ म्हणायला वेळच मिळाला नाही. माझ्या तोंडून निघालं, "बस!" आणि बाबांचा पाय ब्रेकवर गेला. तत्काळ गेला. विचार न करता, माझा जायचा तसाच. ट्रॅक्टर आमच्या आरशाला खरचटून निघून गेला. मागच्या बायका शिव्या देत होत्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, गिअर टाकला, आणि गाडी पुढे काढली. पण त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूसही पेटीतच बसला आहे. कदाचित माझ्याही आधीपासून.

परीक्षेला आम्ही एसटीने वर्ध्याला गेलो. मिलच्या सुट्टीचा दिवस होता, पहाटेच निघालो. वानखडेकाका सोबत होते. त्यांनी आम्हाला उतरवून दिलं आणि आपल्या बहिणीकडे गेले. परीक्षेची गाडी तिथल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची होती. अनोळखी ट्रक, क्लच भलताच वर. मैदानात कडुनिंबाखाली खुर्ची टाकून साहेब बसले होते आणि उमेदवार मातीत रांग करून उभे होते. नियम असा की मागे कोणी उभं राहायचं नाही, हाक मारायची नाही, खुणा करायच्या नाहीत. बाबा इतर बापांबरोबर दोरीपलीकडे उभे राहिले. घरच्या सरावात शेवटी शेवटी मी आरसा वापरू लागलो होतो, कारण ज्या आवाजावर मी गाडी लावायचो त्याला दिसत नाही हे मला माहीत झालं होतं. पण सवय ती सवय. ट्रकमध्ये बसलो आणि कान आपोआप मागे गेले. मागे काहीच नव्हतं. फक्त कावळे.

आठ निघाला, बरा निघाला. मग उलटं. मी आरशात बघत डावी काट घेतली, सोडली, सरळ केली, पुन्हा उजवी. पहिले बांबू गेले. शेवटून दुसरा, माझा ठरलेला बांबू, आरशात सावकाश जवळ आला आणि बाजूने निघून गेला. वाट संपली, उभी करायचे दोनच बांबू राहिले होते, त्यांच्या मधली जागा दिसत होती, आणि तेवढ्यात मैदानात आवाज घुमला.

"बस!"

माझा पाय गेला. ट्रक जागच्या जागी थांबला, धूळ पुढे आली. मी बघतो तर साहेब उठून उभे राहिलेले. एक उमेदवार बांबूंच्या जवळ घोटाळत होता, त्याला त्यांनी हाताने कडुनिंबाखालची जागा दाखवली होती. तिकडे जाऊन बस, असं त्यांचं वाक्य होतं. माझ्या कानांनी त्यातला आपला एक शब्द तेवढा उचलला होता. साहेब खिडकीपाशी आले.

"काय झालं? का थांबलास?"

"साहेब, तुम्ही बस म्हणालात."

"मी त्याला म्हटलं, बस!"

रांगेतले सगळे हसले. साहेबही हसले, वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मधे थांबलास, म्हणजे खरं तर नापास. पण चूक माझ्या आवाजाची. घ्यायची असेल तर पहिल्यापासून घे. घाबरला असशील तर राहू दे, पुढच्या तारखेला ये. काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही. इतकं सोपं दार कोणी माझ्यासाठी कधी उघडलं नव्हतं. मला बांबूही पाडावा लागला नव्हता, खोटंही बोलावं लागलं नव्हतं. एक ‘बरं साहेब’ म्हटलं की झालं. पुढची तारीख, मग त्याच्या पुढची तारीख, आणि मधे कुठेतरी दिवाळी. मला खरोखर नानकटाईचा वास आला, त्या डिझेलमध्ये, त्या धुळीत. मी दोरीपलीकडे बघितलं. बाकीचे बाप काय झालं ते बघायला माना उंचावत होते. माझे बाबा मान उंचावत नव्हते. शेजारच्या माणसाचा दंड धरून ते त्याला विचारत होते. काय झालं, हे विचारत असणार. तो माणूस त्यांना हातवारे करून सांगत होता, आणि ते मान हलवत होते. उद्या सकाळी पहिल्या पाळीला ते पुन्हा शीटवर बसणार होते.

मला कोणी विचारलं की तू मनापासून होकार दिलास का, तर मी आजही नाही म्हणेन. मी दात खाऊन होकार दिला. "घेतो साहेब," मी म्हणालो, आणि ट्रक पुढे नेऊन पहिल्या बांबूपासून पुन्हा मागे घेतला. त्या वेळी मैदानात काय आवाज होता, नव्हता, मला आठवत नाही. दोन बांबूंच्या मधे गाडी उभी राहिली तेव्हा मी तो शब्द स्वतःशीच म्हणालो, ओठांतल्या ओठांत, आणि पाय दाबला. साहेबांनी हात वर केला. पास.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती जरा खांद्याच्या बाहेरच पडली. "उद्या भेटतो सायबाले," ते म्हणाले. मी काही न विचारता म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच भेटले, मिल बंद पडेपर्यंत मी त्या शीटवर बसलो, आणि आमची खोलीही राहिली, हे सगळं पुढचं. माझ्या आठवणीत तो दिवस तिथे संपत नाही. मैदानापासून एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. रसवंतीवर थांबून उसाचा रस प्यालो. बाबा त्या दिवशी खूप बोलत होते. क्लच कसा होता, साहेब कुठल्या गावचा असेल, मधे थांबलास तेव्हा माह्या काळजाचं पानी झालं, असं बरंच काही. मी हूं हूं करत होतो.

स्टँडवर गर्दी होती. फलाटाला ओळीने गाड्या लागल्या होत्या, प्रत्येकीच्या कपाळावर गावाचं नाव. नागपूरची गाडीही होती, तिचा कंडक्टर दारात उभा राहून "नागपूर, नागपूर" ओरडत होता. बाबा बोलता बोलता थांबले. ज्या माणसाने आयुष्यभर गाडी चालवली, जो इंजिनाच्या आवाजावरून गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगायचा, तो त्या ओळीसमोर दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहिला. वानखडेकाका जवळ नव्हते. माय नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं,

"याच्यातली आपली कोनती हाये रे?"

ती त्यांच्या पुढ्यातच उभी होती, हातभर अंतरावर. हिंगणघाट, ठळक अक्षरांत. "हे समोरचीच, बाबा," मी म्हणालो, आणि त्यांचा हात धरून तो दाराच्या दांडीवर नेऊन ठेवला.